पांचांतला लबाड कोण?

(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)

श्रोतेहो, आजचें भाषण ऐकतांना जवळ कागद व पेन्सिल असेल तर बरें. नसेल तरी अडणार नाहीं. ज्या बेरजा-वजाबाक्या मी करणार आहें त्या प्राथमिक शाळेंतल्या मुलाला तोंडीं येतील इतक्या सोप्या आहेत. विषय मात्र मुलांचा नाहीं. पांच माणसांच्या स्वाधीन एक गुपित केलें आणि त्यांतला एकजण लबाड निघाला, तर ती लबाडी उघडकीस कशी आणावी, आणि ती आणतांना भलत्याच माणसाच्या माथीं दोष कसा येऊं नये, हा तो विषय आहे. यांतला दुसरा अर्धा भाग पहिल्याहून कठीण आहे, आणि माझ्या मतें अधिक महत्त्वाचा आहे.

मोलाची वस्तु एकाच माणसाच्या हातीं ठेवूं नये, हें व्यवहारी शहाणपण जुनेंच आहे. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात व त्या दोन निरनिराळ्या अधिकाऱ्यांजवळ राहतात, हें आपण जाणतां. पण या पद्धतींत एक खोट आहे. दोहोंपैकीं एकजण आजारी पडला किंवा त्याची किल्ली हरवली, कीं तिजोरी बंद ती बंदच. ही भीति काल्पनिक नाहीं. गूढलेखनशास्त्राच्या अभ्यासकांची जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिनें २०२५ सालीं आपल्या पदाधिकाऱ्यांची निवडणूक संगणकाच्या द्वारें घेतली. मतें उलगडण्याची किल्ली तीन विश्वस्तांत वांटलेली होती, व तिघांचेहि भाग एकत्र आल्यावांचून निकाल निघणार नव्हता. त्यांतल्या एकाचा भाग कायमचा हरवला, आणि ती निवडणूक रद्द करून पुन्हां घ्यावी लागली. ज्यांचा धंदाच कुलपें घडविण्याचा, त्यांच्याच घरचें कुलूप अडावें, हें वाचून मला हंसूं आलें हें कबूल करतों. यापुढें तिघांपैकीं कोणतेहि दोघे पुरेत, असें त्या संस्थेनें मग ठरविलें.

तेव्हां आपली मागणी अशी आहे. पांचजण असावेत, त्यांपैकीं कोणतेहि तिघे जमले तर गुपित उघडावें, पण दोघांनीं कितीहि डोकें फोडलें तरी त्यांना त्याचा ठाव लागूं नये. लोखंडी कुलपांनीं हें साधावयाचें म्हटलें तर काय होतें, तें सी. एल. लिऊ यांनीं १९६८ सालच्या आपल्या गणितग्रंथांत एका कोड्यानें दाखविलें आहे. अकरा शास्त्रज्ञ आहेत. त्यांपैकीं कोणतेहि सहा जमले तरच कपाट उघडलें पाहिजे. हिशोब केला असतां त्या कपाटाला ४६२ कुलपें लागतात, आणि प्रत्येक शास्त्रज्ञाला २५२ किल्ल्यांचा जुडगा कमरेला बांधून हिंडावें लागतें!

या जुडग्यांतून सुटका १९७९ सालीं झाली. इस्रायलचे आदी शमीर आणि अमेरिकेचे जॉर्ज ब्लॅकली या दोघांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, गुपित वांटण्याच्या रीति शोधून काढल्या. ब्लॅकलींची रीत मी आज सोडून देतों. शमीरांची रीत आपण शाळेंत शिकलेल्या एका गोष्टीवर उभी आहे. एका बिंदूंतून वाटेल तितक्या सरळ रेषा जातात. दोन बिंदु दिले कीं रेषा एकच. त्याच न्यायानें, फेंकलेला चेंडू हवेंत ज्या वांकड्या वाटेनें जातो, जिला भूमितींत अन्वस्त म्हणतात, ती वक्ररेषा घ्या. तिच्यावरचे दोन बिंदु दिले तर ती ठरत नाहीं. तीन दिले कीं ती पक्की ठरते. आतां पायऱ्यांसारखीं ओळीनें घरें मांडलीं आहेत अशी कल्पना करा: शून्य, एक, दोन, तीन, याप्रमाणें. शून्याच्या घरीं या वक्ररेषेची जी उंची, तें आपलें गुपित. एक ते पांच या घरांवरच्या उंची पांच वाटेकऱ्यांना एकेक करून कानांत सांगावयाच्या. तिघे जमले म्हणजे वक्ररेषा ठरते, आणि ती ठरली म्हणजे शून्याच्या घरची उंची आपोआप मिळते.

गुपित ४३ आहे असें समजा. वांटणाऱ्यानें आपल्या मनाशीं ७ आणि २ असे दोन आंकडे निवडले. प्रत्येकाचा वाटा काढावयाचा तो असा: ४३ मध्यें त्याच्या क्रमांकाची सातपट मिळवावी, आणि क्रमांकाच्या वर्गाची दुप्पट मिळवावी. पहिल्याचा वाटा ४३ अधिक ७ अधिक २, म्हणजे ५२. दुसऱ्याचा ६५, तिसऱ्याचा ८२, चौथ्याचा १०३, पांचव्याचा १२८. हे पांच आंकडे लिहून ठेवा. आज आपलें सारें काम त्यांच्यावरच चालणार आहे.

पहिले तिघे जमले. ५२, ६५, ८२. लगतच्या आंकड्यांतलीं अंतरें काढा: १३ आणि १७. या अंतरांतलें अंतर ४. आतां एक पाऊल मागें या. १३ च्या आधींचें अंतर ४ नें लहान, म्हणजे ९ असलें पाहिजे. आणि ५२ मधून ९ गेले, राहिले ४३. गुपित सांपडलें. दुसरा, चौथा आणि पांचवा अशी कोणतीहि तिकडी घेतली तरी उत्तर हेंच येतें. हिशोब थोडा लांबतो इतकेंच. दोघांना मात्र कांहीं कळत नाहीं. कारण अंतरांतलें अंतर त्यांना ठाऊक नसतें, आणि तें मनास येईल तें धरलें तर गुपितहि मनास येईल तें निघतें. प्रत्यक्ष व्यवहारांत हे आंकडे पुष्कळ अंकी असतात, आणि एका मोठ्या अविभाज्य संख्येनें भागून जी बाकी उरते तेवढीच ठेवतात, जसें घड्याळांत बारा वाजल्यावर पुन्हां एक वाजतो. त्यामुळें आंकड्याच्या लहानमोठेपणावरून तर्क बांधण्याचीहि सोय राहत नाहीं. मी मात्र साधे आंकडेच घेऊन चालणार आहें.

असल्या वांटण्या पुस्तकांतच राहिल्या असें नव्हे. इंटरनेटवरील नांवांची जी जगभरची सूची आहे, तिच्या मुळाशीं असलेल्या सहीची किल्ली जून २०१० मध्यें अमेरिकेंतील व्हर्जिनिया संस्थानांत कल्पेपर या गांवीं समारंभपूर्वक तयार करण्यांत आली. तिच्या राखीव प्रती ज्या दुसऱ्या किल्लीनें बंद केल्या, ती सात देशांच्या सातजणांत वांटली, आणि त्यांपैकीं पांचजण जमले तर ती पुन्हां जुळावी अशी योजना केली.

आतां लबाडीकडे वळूं. वरच्या साऱ्या व्यवस्थेंत एक गोष्ट आपण मुकाट्यानें गृहीत धरली आहे: जमलेले तिघेहि आपापला आंकडा खरा सांगतील. समजा, पहिल्यानें ५२ सांगितले, दुसऱ्यानें ६५ सांगितले, आणि तिसऱ्यानें ८२ च्या जागीं ८७ सांगितले. अंतरें १३ आणि २२. अंतरांतलें अंतर ९. मागें या: १३ तून ९ गेले, राहिले ४, ५२ तून ४ गेले, राहिले ४८. गुपित ४८ आहे, असें मानून पहिले दोघे घरीं गेले. हिशोबांत चूक नाहीं, शंकेला जागा नाहीं, कारण कोणत्याहि तीन आंकड्यांतून एक वक्ररेषा जातेच. तिसरा मात्र घरीं जाऊन ४८ तून ५ वजा करतो, आणि खरें गुपित त्या एकट्याच्या हातीं राहतें.

हें कसें झालें? मघांची कृति उलगडून पाहिली तर असें दिसेल कीं पहिल्याचा आंकडा तिप्पट होऊन मिळतो, दुसऱ्याचा तिप्पट होऊन वजा होतो, आणि तिसऱ्याचा आहे तसाच मिळतो. तिसऱ्यानें पांच वाढविले कीं उत्तरहि नेमकें पांचानें वाढतें. त्याला दुसऱ्यांचे आंकडे आधीं कळण्याची मुळींच गरज नाहीं. चोरी करण्यासाठीं रात्र नको, अंधार नको. सर्वांसमक्ष, सर्वांच्या बरोबर बसून, एका वजाबाकीनें ती होते. शमीरांच्या रीतींतलें हें वर्म मार्टिन टोम्पा आणि हेदर वोल यांनीं १९८६ सालीं उघड करून दाखविलें.

त्यांनीं उपायहि सांगितला. घरांचे क्रमांक एक, दोन, तीन असे सर्वांना ठाऊक असूं नयेत. फार मोठ्या पल्ल्यांतून चिठ्ठ्या टाकून ते काढावे, आणि ज्याचा त्यानें गुप्त ठेवावा. शिवाय, गुपित म्हणून जे आंकडे चालतील ते एकंदर आंकड्यांच्या मानानें अगदीं थोडे असावे. असें केलें म्हणजे लबाडाला आपल्या खोट्यानें उत्तर किती सरकेल याचा अंदाज राहत नाहीं. गुपित शंभराच्या आंतलें असावें असें ठरलेलें असतां उत्तर कोट्यवधींच्या घरांत आलें, तर बैठकींत कोणीतरी खोटें बोललें हें तेव्हांच कळतें.

पण कळून उपयोग काय, असें आपण विचाराल, आणि तें खरें आहे. लबाडानें तोंवर दुसऱ्यांचे खरे आंकडे ऐकलेले असतात. स्वतःचा खरा आंकडा त्याच्याजवळ आहेच. इतरांना चोर शिरल्याचें कळलें, पण माल गेला तो गेला. यावरची टोम्पा-वोल यांची युक्ति मला फार आवडते. एकच गुपित न वांटतां पुष्कळ वांटावीं. त्यांतलें एकच खरें. बाकी सर्व कोरीं, म्हणजे 'येथें कांहीं नाहीं' अशी ठरलेली खूण. तीं एकामागून एक उघडावीं, आणि खरें सांपडलें कीं थांबावें. खरें कितव्या खेपेस येणार हें कोणालाच ठाऊक नाहीं. लबाड जर कोऱ्या खेपेस खोटें बोलला तर तो व्यर्थ उघडा पडतो आणि बैठक तेथेंच मोडते. नेमकी खरी खेप साधण्यास त्याला नशिबावरच अवलंबून राहावें लागतें. तथापि याहि उपायानें 'कोणीतरी' लबाड आहे एवढेंच कळतें. कोण, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

त्या प्रश्नाचा सरळ उपाय म्हणजे गरजेपेक्षां अधिक माणसें बोलावणें. चौघे आले आहेत असें धरा. ५२, ६५, ८७, १०३. अंतरें १३, २२, १६. अंतरांतलीं अंतरें पाहूं गेलें तर एकदां ९ वाढ, आणि एकदां ६ घट. खऱ्या वाट्यांत हीं दोन्ही समान यावयास हवींत. तेव्हां खोटें बोलणें झालें, हें नक्की. पण कोणाचें? चौघांपैकीं कोणालाहि उठवून बाहेर बसविलें तरी उरलेल्या तिघांचें जमतेंच, कारण तिघांचें नेहमींच जमतें. चौघांना गुन्हा कळतो, गुन्हेगार कळत नाहीं.

आतां पांचवा बोलवा. ५२, ६५, ८७, १०३, १२८. एकेकाला बाहेर बसवून पाहूं. तिसऱ्याला उठविलें तर राहिले ५२, ६५, मग एक रिकामी जागा, मग १०३, १२८. पहिलें अंतर १३, शेवटचें २५. मध्यें दोन अंतरें हवींत, आणि चारी अंतरें सारख्या चढीनें वाढलीं पाहिजेत: १३, १७, २१, २५. पासष्टांत सतरा मिळविले, ८२. त्यांत एकवीस मिळविले, १०३. चौघांचें तंतोतंत जमलें. तिसऱ्याऐवजीं दुसऱ्या कोणालाहि उठवून पाहा, उरलेल्या चौघांचें जमत नाहीं. लबाड सांपडला, इतकेंच नव्हे, त्यानें काय सांगावयास हवें होतें तेंहि सांपडलें. शमीरांच्या वाट्यांत ही शक्ति मुळापासूनच आहे, हें १९८१ सालीं रॉबर्ट मॅक्एलीस आणि दिलीप सरवटे या दोन संशोधकांनीं दाखवून दिलें. (यांतलें दुसरें आडनांव मराठी कानांना परकें वाटणार नाहीं.) १९६० सालीं रीड आणि सॉलोमन यांनीं संदेशांतल्या चुका दुरुस्त करण्यासाठीं जें गणित रचलें होतें, तेंच हें गणित. गाण्याच्या चकचकीत तबकडीवर, जिला आपण सीडी म्हणतों, ओरखडा पडला तरी गाणें बिघडत नाहीं, तें याच गणिताच्या बळावर.

पण ओरखडा आणि लबाड यांत मोठा फरक आहे. ओरखड्याला हेतु नसतो. दोन ओरखडे एकमेकांशीं आधीं बोलून ठेवीत नाहींत.

आतां पुढचा प्रसंग नीट ऐका, कारण आजच्या भाषणाचें मर्म यांत आहे. लबाड एक नसून दोन आहेत, चौथा आणि पांचवा, आणि त्यांनीं आधीं मसलत केली आहे. चौथा आपल्या १०३ मध्यें ६ मिळवून १०९ सांगतो. पांचवा आपल्या १२८ मध्यें १२ मिळवून १४० सांगतो. बैठकींत आंकडे आले ते असे: ५२, ६५, ८२, १०९, १४०. अंतरें १३, १७, २७, ३१. जमत नाहीं, कोणीतरी खोटा आहे. आपण मघांच्याच रीतीनें एकेकाला उठवून पाहतों. तिसऱ्याला उठविलें. पहिलें अंतर १३, शेवटचें ३१. सारख्या चढीनें १३, १९, २५, ३१. पासष्टांत एकोणीस मिळविले, ८४. त्यांत पंचवीस मिळविले, १०९. चौघांचें तंतोतंत जमलें! दुसऱ्या कोणालाहि उठविलें तर जमत नाहीं. निकाल उघड आहे. तिसऱ्यानें ८४ सांगावयास हवे होते, त्यानें ८२ सांगितले, तिसरा लबाड.

आणि तिसरा तर खरें बोलला होता.

शिवाय गुपितहि चुकलें. १३ तून चढीचे ६ गेले, राहिले ७. ५२ तून ७ गेले, राहिले ४५. दोघे लबाड घरीं जाऊन ४५ तून २ वजा करतात, आणि खरें गुपित घेऊन स्वस्थ बसतात. पहिला आणि दुसरा हे दोघे प्रामाणिक गृहस्थ आपण एका चोराला पकडल्याच्या समाधानांत असतात. यांतली आणखी वाईट गोष्ट अशी, कीं ६ आणि १२ हे आंकडे ठरविण्यासाठीं लबाडांना पहिल्या-दुसऱ्याचे आंकडे ठाऊक असण्याची जरूर नव्हती. एक व दोन या घरांवर वक्ररेषा जागची हलूं नये, आणि पुढें हलावी, एवढेंच त्यांना साधावयाचें होतें. घरापासून एकपर्यंतचें अंतर आणि दोनपर्यंतचें अंतर यांचा गुणाकार केला कीं झालें: चौथ्यासाठीं तीन गुणिले दोन, सहा, पांचव्यासाठीं चार गुणिले तीन, बारा, आणि शून्याच्या घरासाठीं एक गुणिले दोन, दोन. तेच दोन त्यांनीं शेवटीं वजा केले.

हें गणित मीं प्रथम कागदावर करून पाहिलें तेव्हां मला एक जुना प्रसंग आठवला, आणि तो सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. मी शिक्षक असतांना एकदां मधल्या सुटींत वर्गांतला पृथ्वीचा गोल फुटला. पांच मुलें जवळपास होतीं. मीं प्रत्येकाला वेगळें बोलावून विचारलें. दोघांनीं सविस्तर हकीकत सांगितली. आणखी दोघे दूर होते. त्यांनीं जें थोडेंसें पाहिलें होतें तें त्या हकीकतीशीं बरोबर जुळलें. पांचव्याची जबानी मात्र चौघांशीं जुळेना. मीं चौघांचें खरें धरलें आणि त्याला शिक्षा केली. पुढें कांहीं वर्षांनीं त्या पहिल्या दोघांपैकीं एकजण आपण होऊन माझ्याकडे आला व त्यानें सर्व कबूल केलें. दूरच्या दोघांना कोठून किती दिसलें असेल याचा अंदाज घेऊन त्यांनीं आपली गोष्ट रचली होती. ज्याला शिक्षा झाली तो तोंवर गांव सोडून गेला होता. चौघे एका बाजूस म्हणजे सत्य त्या बाजूस, असें मीं मानलें होतें. चौघांतले खरे स्वतंत्र साक्षी किती, हें मोजलें नव्हतें.

मोजावयाचें कसें, तें गणित सांगतें. या जातीच्या दोन निरनिराळ्या वक्ररेषा एकमेकींना दोनाहून अधिक ठिकाणीं भेटूं शकत नाहींत. तेव्हां लबाडांनीं रचलेली खोटी वक्ररेषा खऱ्या माणसांपैकीं फार तर दोघांच्या बिंदूंतून जाईल. पांचांत दोन लबाड असले तर खोटीच्या बाजूला दोन लबाड आणि दोन भोळे, असे चार. खरीच्या बाजूला तिघेच. खोटें जिंकतें. सातजण बोलाविले तर? खोटीच्या बाजूला जास्तींत जास्त तेच चार. खरीच्या बाजूला पांच. खरें जिंकतें. नियम असा निघतो कीं गुपित उघडण्यास जितके लागतात त्यांत लबाडांच्या संख्येची दुप्पट मिळवावी, आणि तितके लोक हजर असावेत. एक लबाड असेल तर पांच, दोन असतील तर सात, तीन असतील तर नऊ.

इतके लोक प्रत्येक वेळीं कोठून आणावे? या अडचणींतून वाट काढणारी एक सुंदर कल्पना ताल राबिन आणि मायकेल बेन-ऑर यांनीं १९८९ सालीं मांडली. तिचा गाभा मी आपल्याच आंकड्यांत सांगतों. तिसऱ्याला त्याचे ८२ देतांना वांटणाऱ्यानें त्याला आणखी एक जोड-आंकडा द्यावा, समजा १७. आणि पहिल्याला, तिसऱ्याच्या नकळत, दोन तपास-आंकडे द्यावे: ६ आणि ५०९. ब्याऐंशीची सहापट ४९२, त्यांत सतरा मिळविले कीं ५०९. बैठकींत तिसऱ्यानें ८२ आणि १७ असे दोन्ही आंकडे सांगावयाचे. पहिल्यानें सहानें गुणून, मिळवणी करून, ५०९ येतात कीं नाहीं तें पाहावयाचें. तिसऱ्याला ८७ सांगावयाचे असतील तर जोड-आंकडा तीसनें कमी करावा लागेल. पण तीसनें, हें त्याला कळणार कसें? पांचाची सहापट तीस. आणि तो सहा तर पहिल्याच्या खिशांत आहे. मोठ्या अंकांच्या गणितांत तो आंकडा अंदाजानें ओळखणें जवळजवळ अशक्य. उलट, पहिल्याला ५०९ ठाऊक असले तरी जोड-आंकडा ठाऊक नसल्यामुळें त्यावरून ८२ काढतां येत नाहींत.

असा तपास प्रत्येकानें प्रत्येकाचा करावा. पांचजणांत वीस तपास होतात. आतां मघांचे दोन लबाड पुन्हां येऊं द्या. तिसऱ्याचा खरा आंकडा पहिला व दुसरा दोघेहि मान्य करणार. स्वतः तिसरा धरून तीन मतें. लबाडांनीं तो अमान्य केला तरी पांचांत तीन मतें त्याच्या बाजूला राहतात. लबाडाला मात्र स्वतःचें व साथीदाराचें अशीं दोनच मतें मिळतात. ज्याला निम्म्याहून अधिक मतें नाहींत त्याचा आंकडा हिशोबांत घ्यावयाचा नाहीं. जेथें सात माणसें लागत होतीं तेथें पांचांत भागलें, आणि खरें बोलणाऱ्याच्या माथीं दोष आला नाहीं. लबाड निम्म्याहून अधिक झाले तर मात्र बहुमताचाच आधार सुटतो, आणि हा उपाय तेथें थांबतो.

येथवर आपण वांटणाऱ्याला देवमाणूस मानलें. तोच लबाड असेल तर? तो एखाद्या वाटेकऱ्याला मुद्दामच चुकीचा आंकडा देईल. तो बिचारा बैठकींत मिळालेला आंकडा प्रामाणिकपणें सांगेल, आणि लबाड ठरेल. हा प्रश्न १९८५ सालीं बेनी कोर, शफी गोल्डवॉसर, सिल्व्हिओ मिकाली आणि बारूक आवरबुख या चौघांनीं पुढें मांडला, व १९८७ सालीं पॉल फेल्डमन यांनीं त्याला एक सुटसुटीत उत्तर दिलें. वांटणाऱ्यानें आपले तीन मूळ आंकडे, ४३, ७ व २, उघड सांगूं नयेत, पण एखाद्या ठरलेल्या संख्येचे तितके घात करून ते जाहीर फळ्यावर लिहावे. समजा ठरलेली संख्या दोन. तर दोनाचा त्रेचाळिसावा घात, दोनाचा सातवा घात, आणि दोनाचा दुसरा घात. घातांचा गुणाकार म्हणजे घातांकांची बेरीज, हा नियम आपण शाळेंत घोकला आहे. म्हणून तिसऱ्यानें पहिली संख्या घ्यावी, तिला दुसरीच्या घनानें गुणावें, तिसरीच्या नवव्या घातानें गुणावें. ४३ अधिक २१ अधिक १८, म्हणजे दोनाचा ब्याऐंशीवा घात आला पाहिजे. आला तर आपला वाटा खरा. न आला तर त्यानें त्याच दिवशीं, सर्वांसमक्ष, तक्रार करावी. फळा सर्वांना दिसत असल्यामुळें वांटणाऱ्याला एकाला एक आणि दुसऱ्याला भलतेंच असें करतां येत नाहीं. बैठकीच्या वेळींहि याच फळ्यावर प्रत्येकाचा आंकडा पडताळून घेतां येतो.

यावर आपली शंका रास्त आहे कीं दोनाचा सातवा घात १२८ हें पाहून ७ कोणालाहि ओळखतां येतील. साध्या गणितांत येतील. पण शेंकडों अंकांच्या अविभाज्य संख्येनें भागून फक्त बाकी लिहिली, तर त्या बाकीवरून घातांक परत शोधणें आजच्या वेगवान यंत्रांनाहि आवांक्याबाहेरचें आहे. मात्र ही भिंत कायमची म्हणतां येत नाहीं. पुंजयांत्रिकीच्या तत्त्वांवर पुरेसें मोठें संगणकयंत्र उभें राहिलें तर ती पाडतां येईल, हें पीटर शोर यांनीं १९९४ सालींच दाखविलें आहे. राबिन आणि बेन-ऑर यांचे तपास-आंकडे असल्या कोणत्याहि भिंतीवर उभे नाहींत. त्यांत लबाडापुढें नशीब आजमावण्यापलीकडे मार्ग नाहीं, मग त्याचें यंत्र कितीहि मोठें असो. दोहोंत मला स्वतःला तेच अधिक पसंत आहेत. पण त्यांत वांटणारा प्रामाणिक धरलेला आहे, आणि त्यालाहि तपासावयाचें तर त्यांच्याच लेखांतली पुढची, बरीच गुंतागुंतीची रचना वापरावी लागते. ती नभोवाणीवर सांगण्यासारखी नाहीं.

वेळ संपत आली. मास्तरांची खोड जात नाहीं, म्हणून घरीं सोडविण्यासाठीं एक उदाहरण देऊन ठेवतों. पांच वाटेकरी, तिघांत गुपित उघडणारें, घरें एक ते पांच. बैठकींत आंकडे आले ते असे: ३६, ४४, ५४, ६९, ८०. एकच लबाड आहे असें धरून तो कोण, त्यानें काय सांगावयास हवें होतें, आणि गुपित कोणतें, तें काढा. मग आणखी एक करा: लबाड दोन असूं शकतील असें धरून, पहिल्या उत्तरांत ज्याला आपण दोषी ठरविलें तो निर्दोष राहील, असे दोघे त्या पांचांत सांपडतात का, तें पाहा.